नर्सरीत नुसतं खेळतात, अक्षरं-आकडे कधी येणार?

झोपमोड

मुलगी पावणेचार वर्षांची आहे, नर्सरीत जाते. रोज घरी येते ती हाताला रंग आणि फ्रॉकला माती लावून, वही मात्र कोरी करकरीत. आज काय केलं विचारलं की एकच उत्तर, "खेळलो". पालकसभेत टीचर म्हणाल्या की आम्ही या वयात लिहायला देत नाही, सगळं खेळातून शिकवतो. ऐकायला बरं वाटतं हो, पण खेळातून म्हणजे नक्की काय आणि कसं हे कोणी नीट सांगत नाही, आपण जास्त विचारलं की "काळजी करू नका, येईल सगळं" एवढंच.

तिच्याच वयाचा भाचा शंभरपर्यंत धडाधड म्हणतो, ठिपके जोडून अक्षरं गिरवतो आणि चारचौघांत हे प्रदर्शन झालं की सगळे माझ्याकडे बघतात. आमची वीसपर्यंत म्हणते, पण परवा मी सात बटणं ओळीत मांडली, तिने एकेका बटणाला बोट लावत बरोबर सातपर्यंत मोजली. मी विचारलं, मग किती आहेत? तर परत पहिल्यापासून मोजायला लागली. परत विचारलं, परत मोजली. तिसऱ्यांदा "दहा!" म्हणून पळून गेली.

अक्षरांचं म्हणाल तर नावातला र तेवढा काढते, तोही आरशात बघून काढल्यासारखा उलटा. नेटवर उलटी अक्षरं शोधलं तर लगेच डिस्लेक्सिया (वाचायला-लिहायला शिकण्यातली अडचण) वगैरे यायला लागलं, मग बंद केलं.

तर प्रश्न असे की खेळातून खरंच भाषा-गणित येतं की ही शाळेची पळवाट आहे? घरी गिरवायची पुस्तकं आणू का? आणि त्या उलट्या र चं काय करू?

वर्गातली_ताई

नर्सरीच्या वर्गावर बरीच वर्षं आहे म्हणून लिहिते, थोडं लांबेल.

ती परत मोजायला लागली ना, तिथेच तुमच्या बऱ्याच प्रश्नांचं उत्तर आहे. मोजणं ही एक गोष्ट नाही, त्यात बऱ्याच गोष्टी एकात एक अडकलेल्या असतात. गेलमन आणि गॅलिस्टल या दोघा मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये त्या पाच तत्त्वांत मांडल्या, अजूनही बालशिक्षणाच्या ट्रेनिंगमध्ये तेच शिकवतात. आकडे कायम त्याच क्रमाने म्हणायचे, एका वस्तूला एकच आकडा द्यायचा, शेवटी जो आकडा म्हटला तोच एकूण किती याचं उत्तर, मोजायला कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच, आणि बटणं मोजा नाहीतर टाळ्या मोजा, पद्धत एकच. तुमच्या मुलीला क्रम येतोय, बोट लावून एकाला एक जोडता येतंय, म्हणजे काम बरंच झालंय. तिसरं यायचंय. तिच्यासाठी "किती" म्हणजे अजून "मोजून दाखव", म्हणून तुम्ही विचारलं की ती बिचारी परत मोजते. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिला वाटलं आपलं चुकतंय म्हणून ही विचारतेय, मग ठोकून दिलं दहा. माझ्या वर्गातली निम्मी मुलं हेच करतात.

शंभरपर्यंत म्हणणं हे या वयात बहुतेक वेळा गाणं असतं. भाच्याला मोजायला न सांगता "मला चार चमचे दे" म्हणून बघा. भाचा देईलही, मी त्याला कमी लेखत नाहीये, पण पुष्कळ मुलं शंभर म्हणतात आणि चार मागितले की मूठभर उचलून देतात. कॅरन विन नावाच्या संशोधक बाईंनी 1990 च्या सुमारास हेच तपासलं होतं, मुलांना आधी एक म्हणजे एक हे पक्कं कळतं, मग काही महिन्यांनी दोन, मग तीन, आणि त्यानंतर कधीतरी एकदम उजेड पडतो की अच्छा, मोजून थांबलो तो आकडा म्हणजेच तेवढ्या वस्तू. साधारण अडीच ते चार वर्षांच्या वयात हे होतं, काहींना थोडं जास्त लागतं. हा उजेड गिरवून पडत नाही. बाहुल्यांना प्रत्येकीला एक कप देताना, एक कप कमी पडल्यावर, भांडण झाल्यावर पडतो.

म्हणून घरी एकच बदल करा, "किती आहेत?" कमी विचारा आणि "पाच आण" जास्त म्हणा. कपडे वाळत घालताना दोन चिमटे दे, तीन दे. तिने चार आणले तर चुकलं म्हणू नका, दोघी मिळून मोजा आणि शेवटचा आकडा जरा ठासून म्हणून सगळ्यांभोवती हात फिरवा, "एक, दोन, तीन, चार... चार आहेत." तो हात फिरवणं महत्त्वाचं आहे, त्याने कळतं की चार हे शेवटच्या चिमट्याचं नाव नाही, सगळ्यांचं मिळून आहे.

गिरवायची पुस्तकं आणू नका. मनगटात आठ छोटी हाडं असतात, जन्मतः ती सगळी कूर्चाच (हाड बनण्याआधीचा मऊ भाग) असते आणि शेवटचं हाड तयार होईपर्यंत मूल आठ-बारा वर्षांचं होतं. पावणेचार वर्षांच्या हाताला बारीक पेन्सिल धरून रेघेवर लिहायला लावलं की ती मुठीत धरतात, खांद्यापासून जोर लावतात, आणि ती पकड एकदा बसली की पुढे सोडवताना जीव जातो. त्याऐवजी माती मळणं, चिमट्याने कापूस उचलणं, कात्रीने कागद कापणं, मणी ओवणं. उभ्या पृष्ठभागावर काम द्या, भिंतीला कागद लावून रंगवू दे, नाहीतर जाड ब्रश आणि पाणी देऊन दारावर "रंग" लावू दे. मनगट आपोआप योग्य कोनात वळतं.

फ्रॉकला माती लागून येतेय ना, मग हाताचा अभ्यास चालू आहे तिचा.

सरळसोट

ताईंचं पटलं पण एक शंका. खेळातून शिकवतो हे आजकाल सगळ्याच शाळा म्हणतात, ब्रोशरवर लाकडी खेळणी आणि हसरी मुलं. आमच्या थोरल्याच्या शाळेत खेळातून म्हणजे चाळीस मुलं, एका टोपलीत ठोकळे आणि टीचर रजिस्टर भरतेय. वर्ष संपलं तरी पोराला ठोकळे सोडून काही माहीत नाही. मग पालकाने ओळखायचं कसं?

वर्गातली_ताई

@सरळसोट रास्त प्रश्न आहे. ठोकळे आहेत की नाही हे बघू नका, ठोकळ्यांजवळ मोठं माणूस काय बोलतंय ते बघा. मूल मनोरा बांधतंय आणि टीचर जवळ बसून "तुझा उंच की माझा उंच? अजून किती लावले तर खिडकीएवढा होईल? खाली मोठा ठेवला म्हणून नाही पडला का?" असं बोलत असेल तर तिथे मापन, तुलना, अंदाज सगळं चालू आहे. वर-खाली-मधे-मागे-शेजारी हे शब्दसुद्धा गणितच आहे, भूमितीची सुरुवात तिथूनच होते. गप्प बसून रजिस्टर भरत असेल तर ती नुसती राखण झाली. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने 1837 मध्ये पहिली बालवाडी काढली तेव्हा त्याने लोकरीचे चेंडू आणि लाकडी घन-दंडगोल ठरवून, क्रमाने दिले होते. खेळ मुलाचा, पण त्यामागचा विचार मोठ्यांचा, हे तेव्हापासून आहे.

पालकसभेत "काय शिकवता" विचारू नका, त्याला तेच पाठ उत्तर मिळतं. विचारा की गेल्या आठवड्यात माझी मुलगी कुठल्या कोपऱ्यात जास्त रमली आणि तिथे तुम्ही काय पाहिलंत. ज्या टीचरचं लक्ष आहे ती दोन मिनिटं तरी बोलेल.

अर्धवट_गणिती

वर ताईंनी मोजण्याचं लिहिलंय त्याला जोडून एक खेळ सांगतो, घरी पाच मिनिटांत होतो आणि यावर खरंच अभ्यास झालाय. सीगलर आणि रमाणी यांनी 2008 मध्ये नर्सरीच्या वयाच्या मुलांना एक अगदी साधा पट दिला, सरळ रेषेत दहा घरं, 1 ते 10, आणि एक चक्री ज्यावर फक्त 1 किंवा 2. दोन आठवड्यांत चार वेळा, दर वेळी पंधरा मिनिटं, बस एवढंच. दुसऱ्या गटाला तोच पट पण आकड्यांऐवजी रंग. आकडेवाल्या मुलांची कुठला आकडा मोठा, कुठला कुठे येतो याची समज स्पष्टपणे वाढली, रंगवाल्यांची नाही. म्हणजे खेळ तोच, मजा तीच, पण आत काय ठेवलंय त्याने फरक पडला, हा मुद्दा मला फार आवडतो. नुसतं खेळा म्हणणाऱ्यांना आणि नुसतं गिरवा म्हणणाऱ्यांना दोघांनाही उत्तर आहे त्यात.

पट गोल करू नका, सरळच काढा, त्याच लोकांनी नंतर गोल पट करून पाहिला तर तेवढा उपयोग झाला नाही. आणि मुख्य नियम, सोंगटी 3 वर आहे आणि 2 पडले तर "एक, दोन" म्हणून सरकवायचं नाही, "चार, पाच" म्हणायचं. सुरुवातीला मुलं अडखळतात, आपण सोबत म्हणायचं. फरशीवर खडूने मोठी घरं काढून स्वतः उड्या मारल्या तर अजून भारी, आमच्याकडे सोंगटीपेक्षा तेच चालतं.

सापशिडी या वयाला नको, माझं मत. शंभर घरं, एक ओळ डावीकडून तर पुढची उजवीकडून, त्यात साप चावला की रडारड. आणि फासा द्यायचा असेल तर ठिपक्यांचाच द्या, आकड्यांचा नको. तीन-चारपर्यंतचे ठिपके मूल न मोजता एका नजरेत ओळखतं, ते जमायला लागलं की बेरजेची निम्मी तयारी झाली.

अजून एक गंमत करून बघा, पाच-पाच बटणांच्या दोन ओळी समोरासमोर लावा, सारख्याच आहेत हे तिच्याकडून कबूल करून घ्या, मग तिच्यासमोरच एक ओळ पसरून लांब करा आणि विचारा कुठे जास्त. लांब ओळीकडे बोट दाखवेल बहुतेक. पियाजे या मानसशास्त्रज्ञाचा प्रसिद्ध प्रयोग आहे हा. घाबरू नका, सहा-सात वर्षांपर्यंत हे चालतंच, आणि समजावून सांगायला तर अजिबात जाऊ नका, काही उपयोग होत नाही, आपलाच घसा सुकतो.

काना_मात्रा

गणितवाल्यांनी धागा पळवला, अक्षरांवर कोणी बोलेना म्हणून मी.

आधी उलटा र. काहीही नाहीये ते. आपल्या मेंदूला वस्तू कुठल्याही बाजूने दिसली तरी तीच ओळखायची सवय असते, चमचा डावीकडे तोंड करून ठेवा नाहीतर उजवीकडे, चमचाच. अक्षरं हा पहिला प्रकार मुलांना भेटतो जिथे तोंड फिरलं की चालत नाही. ही जुनी सवय मोडायला वेळ लागतो, सहा-सात वर्षांपर्यंत उलटी अक्षरं, उलटे आकडे अगदी सर्रास दिसतात. यावरून डिस्लेक्सिया वगैरे ठरत नाही. या वयात लक्ष ठेवायचं तर बोलण्याकडे ठेवा, चार वर्षांच्या मुलाचं बोलणं बाहेरच्या माणसाला बहुतेक सगळं समजायला हवं. ते कळत नसेल, किंवा मागून हाक मारल्यावर लक्षच जात नसेल, तर कान तपासून घ्या, बाकी वाट बघा.

आता वाचनाची तयारी. हिची सुरुवात डोळ्यांनी होत नाही, कानांनी होते. ब्रॅडली आणि ब्रायंट यांनी 1983 मध्ये दाखवलं की चार-पाच वर्षांच्या मुलांना यमक आणि सारख्या आवाजाने सुरू होणारे शब्द किती चांगले ओळखता येतात त्यावरून पुढच्या वाचनाचा बराच अंदाज येतो. म्हणजे बडबडगीतं हा टाइमपास नाही. माकड-साखर-कापड यातलं वेगळं कोण? हा पाठ्यपुस्तकातला धडा वाटेल पण मुलांना तो विनोद वाटतो. आपण मराठीवाले यात नशीबवान आहोत, टाळी वाजवत शब्द तोडला की जे तुकडे पडतात ते जवळजवळ अक्षरांइतकेच, बा-हु-ली, तीन टाळ्या, लिहिताना अक्षरंही तीन. म्हणून टाळ्यांचा खेळ रोज खेळा, घरातल्या सगळ्यांची नावं टाळ्यांत, कोणाचं नाव सगळ्यात लांब? (इथे परत गणित आलं, असो.) शेवटच्या आवाजावरून पुढचा शब्द, हा खेळ जरा मोठी झाली की.

तक्त्याबद्दल एक. "क कमळाचा" म्हणत मूल बोट ठेवतं तेव्हा ते क वाचत नसतं, कमळाचं चित्र वाचत असतं. चित्रावर हात ठेवा आणि मग विचारा. निम्मी मुलं तिथेच गप्प होतात. आणि तक्ता सरळ अ पासून ज्ञ पर्यंत नेण्याची घाई नको. ण ने सुरू होणारा शब्दच नाही म्हणून तिथे बाण काढावा लागतो आणि मूल आयुष्यभर ण ला बाण म्हणतं 😄 त्यापेक्षा तिच्या नावातली अक्षरं, आईच्या, बाबाच्या नावातली, ज्यांचा तिला काही उपयोग आहे. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व या जोड्या एकाच आठवड्यात समोर आणू नका, एक पक्कं झालं की बऱ्याच दिवसांनी दुसरं. वेलांट्या तर लांबच राहू द्या, पहिली वेलांटी उच्चारात अक्षरानंतर आणि लिहिताना आधी, मोठ्या मुलांचीही दांडी उडते. आपल्या लिपीत अक्षरं, त्यावर बाराखडी, त्यावर जोडाक्षरं, एवढं सगळं आहे की हे काम पहिली-दुसरीच्याही पुढे चालणारच आहे, नर्सरीत उरकून टाकू असं होत नाही.

लिहायची हौस असेल तर हौसेने लिहू दे. मॉन्टेसरीबाईंनी 1907 मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह काढलं, त्यांची खरबरीत कागदाची अक्षरं होती, मुलाने बोटाने त्यावरून फिरवायचं, पेन्सिल नंतर. पॉलिशपेपर कापून पुठ्ठ्यावर चिकटवला की झालं. बोट कुठून सुरू करायचं ते मात्र आपण दाखवायचं, ठिपक्यांच्या पुस्तकात नेमकं तेच राहून जातं, मूल खालून वर, मधूनच कुठूनही ठिपके जोडतं आणि आपल्याला वाटतं छान गिरवलं.

मातीचे_पाय

सगळ्यांचं वाचलं. चांगलंच लिहिलंय, पण जरा भीती वाटली की आता झोपमोड ताई पोरीच्या मागे लागणार. चिमटे दे, किती राहिले, टाळ्या वाजव, कुठलं अक्षर, वर की खाली, जिना चढताना मोजा, गाडीत बसलं की यमक. मूल मनोरा बांधतंय आणि आपण शेजारी बसून प्रश्नांची सरबत्ती, त्याने खेळ मोडतो. मी माझ्या पुतणीच्या बाबतीत पाहिलंय, वहिनी जवळ येऊन बसली की ती ठोकळे खाली ठेवते आणि परीक्षेला बसल्यासारखी तोंडाकडे बघते. तिच्या डोक्यात जी गोष्ट चालली होती ती गेली. डॉक्टर-डॉक्टर खेळताना मूल औषधाची चिठ्ठी म्हणून कागदावर चार वाकड्या रेघा ओढतं, ती त्याच्यासाठी खरीखुरी लिहिलेली चिठ्ठी असते, तेव्हा कोणी "हे कुठलं अक्षर आहे बाळा" विचारलं की संपलं.

वर्गातली_ताई

@मातीचे_पाय अगदी मान्य. वर्गात आम्ही एक करतो, आधी बराच वेळ नुसतं बघायचं. मुलाने आपल्याला खेळात घेतलं तर पात्र म्हणून बोलायचं, टीचर म्हणून नाही. चिठ्ठी दिली तर "डॉक्टर, गोळी सकाळी घ्यायची का रात्री? किती घ्यायच्या?" ती म्हणेल "तीन" आणि कागदावर अजून तीन रेघा ओढेल. खेळ मोडत नाही आणि हवं ते झालेलं असतं. दिवसात असं एकदा झालं तरी पुष्कळ आहे. बाकी वेळ त्यांना सोडा.

सरळसोट

हे गोळीचं उदाहरण आवडलं. आता धाकटीच्या शाळेत जाऊन हेच बघणार आहे.

झोपमोड

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणीतरी सांगायला हवं होतं. काल रात्रीच चमचे मागून पाहिले, मुद्दाम खेळ वाटेल असं, बाहुलीच्या पंगतीसाठी. दोन मागितले, दोन आणले. तीन, बरोबर तीन. पाच मागितले तर हातात मावतील तेवढे घेऊन आली आणि "हे घे पाच" म्हणून ओतले 😂 म्हणजे ताई म्हणाल्या तसं तीनपर्यंत पक्कं आहे असं धरू का? भाच्याची परीक्षा मी घेणार नाहीये, घरात युद्ध होईल.

अजून एक विचारायचं राहिलं. तिला एकच गोष्टीचं पुस्तक रोज रात्री हवं असतं, दुसरं काढलं की भोकाड. पाठ झालंय तिला, मी एखादा शब्द गाळला तर ओरडते. नवीन पुस्तकं आणून ठेवलीत ती तशीच पडून. यातून काही शिकतेय का की फक्त सवय?

वर्गातली_ताई

हो, तीनपर्यंत पक्कं. आता चारवर खेळा, पाच-सहाची घाई नको.

काना_मात्रा

शिकतेय, भरपूर शिकतेय, तेच पुस्तक वाचा बिनधास्त. तुम्ही गाळलेला शब्द तिला कळला म्हणजे पानावर जे छापलंय ते दर वेळी तेच असतं, आईच्या मनावर नसतं, हे तिला उमगलंय आणि वाचनातली ही फार मोठी पायरी आहे. आता दोन गोष्टी करा. एक, वाचताना कधीकधी ओळीखालून बोट फिरवा, काही न बोलता, म्हणजे डावीकडून उजवीकडे आणि ओळ संपली की खाली हे आपोआप दिसेल. दुसरं, तिला पाठ असलेल्या वाक्यात मुद्दाम थांबा, शेवटचा शब्द तिला म्हणू दे. आणि "हे काय आहे" असे प्रश्न विचारण्यापेक्षा "तो का लपला असेल?" असे विचारा, ज्याला एका शब्दात उत्तर नाही. एका वाचनात असे एक-दोन बस, नाहीतर मातीचे_पाय परत येतील.

नवीन पुस्तकं तिच्या हाताला लागतील अशी खाली ठेवा, मोठ्या कपाटात नको. कधीतरी स्वतःच एखादं ओढून आणेल आणि मग ते सहा महिने चालेल 🙏